गुलाब चक्रीवादळ किनाऱ्यावर विझलं, मग विदर्भ-मराठवाड्यात काय आलं?

सोनेगावकर

बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार झाल्याची बातमी आली की आपल्या नागपुरात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आपल्याले काय त्याचं, इथं कुठं समुद्र आहे?" ते ऐकलं की मला २०२१ चं गुलाब आठवतं. त्यावर एकदा नीट लिहायचं बरेच दिवस मनात होतं. धागा लांबणार आहे, सांभाळून घ्या.

आधी नकाशा. नागपूरहून काकीनाडा हवाई अंतरानं सहाशे किलोमीटरच्या आत आहे. मुंबई त्याहून लांब पडते. म्हणजे मनानं आपण कितीही मुंबईकडे तोंड करून बसलो तरी आपल्याला जवळचा समुद्र पूर्वेचा. आणि त्या बाजूला सह्याद्रीसारखी सलग भिंत नाही. पूर्व घाट तुटक आहे, नद्यांनी जागोजागी कापलेला आहे. उपसागरावरून आत शिरलेली ओली हवा गोदावरीच्या खोऱ्यातून थेट आपल्याकडे चालत येते. आपला पावसाळ्यातला बराचसा मोठा पाऊस असाच येतो.

आता गुलाब. २४ सप्टेंबर २०२१ ला उपसागरात डिप्रेशन, म्हणजे कमी दाबाच्या क्षेत्राची पुढची, जास्त जोराची पायरी, तयार झालं. २५ ला संध्याकाळी त्याला चक्रीवादळ म्हणून नाव मिळालं. २६ ला संध्याकाळी ते उत्तर आंध्रात, कलिंगपट्टणमच्या थोडं उत्तरेला जमिनीवर आलं. वारा ताशी ७५ ते ८५ किलोमीटर, झोत ९५ पर्यंत. त्याच रात्री मध्यरात्र उलटल्यावर त्याचं बळ कमी झालं आणि हवामान खात्याच्या वर्गवारीत ते 'डीप डिप्रेशन' झालं. चक्रीवादळ म्हणून जगलं ते जेमतेम दीड दिवस. फयान, निसर्ग, तौक्ते यांची नावं जशी लोकांच्या तोंडी राहिली तसं गुलाबचं नाव राहिलं नाही, त्याचं हेही एक कारण असावं.

२७ च्या सकाळी टीव्हीवर "गुलाबचा जोर ओसरला" अशी पट्टी फिरत होती. किनाऱ्यापुरतं ते बरोबरच होतं. पण ते डिप्रेशन तेलंगणा आणि दक्षिण छत्तीसगडवरून पश्चिमेला सरकत राहिलं आणि २८ च्या सकाळपर्यंत मराठवाडा आणि पश्चिम विदर्भाच्या डोक्यावर आलं. नागपुरात त्या दोन दिवसांत पाऊस झाला, आभाळ गच्च होतं, पण शहर चालू होतं, दुकानं उघडी होती. इथून दक्षिणेला आणि पश्चिमेला मात्र हाहाकार होता. पैनगंगेला पूर. मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले. लातूर, बीड, उस्मानाबादमध्ये एनडीआरएफच्या बोटी आणि हेलिकॉप्टरनं माणसं काढली. आणि २८ ला सकाळी यवतमाळ जिल्ह्यात, उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावरच्या पुलावरून एसटी वाहून गेली. नांदेडहून आपल्या नागपूरकडे यायला निघालेली गाडी होती ती. त्यात माणसं दगावली.

ज्या वादळाला सकाळच्या बातम्यांनी संपलेलं म्हटलं, त्याच वादळाच्या पाण्यानं दुसऱ्या दिवशी ही माणसं गेली. म्हणून हा धागा.

माझं म्हणणं एवढंच आहे. वादळाची वर्गवारी वाऱ्याच्या वेगावर ठरते. ताशी ६२ किलोमीटरच्या वर गेलं की चक्रीवादळ, त्याच्या खाली डीप डिप्रेशन, पन्नासच्या खाली डिप्रेशन. किनाऱ्यावरच्या कोळ्याला हे मोजमाप योग्यच आहे. त्याची होडी आणि घराचं छप्पर वाऱ्यानंच जातं. पण समुद्रापासून इतक्या आत राहणाऱ्या आपल्यासारख्यांचं नुकसान वारा करत नाही, पाऊस करतो. आणि पाऊस वर्गवारीबरोबर खाली उतरत नाही. चुलीतलं लाकूड ओढून घेतलं तरी आधणाची उकळी लगेच बसत नाही, तसं आहे हे.

गुलाबच्या वेळी कोण कुठे होतं, काय पाहिलं, ते लिहा. विशेषतः शेतीतल्या मंडळींनी.

पैनगंगाकाठ

सोनेगावकर भाऊ, बरं केलं लिहिलं. मी उमरखेड तालुक्यातला कास्तकार. आमच्या इकडं ते नाव कोणाच्या तोंडी नाही. आम्ही त्याले "सोयाबीन गेल्ता तो पाऊस" म्हणतो.

तारीख पाहा. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा म्हणजे सोयाबीन सोंगणीचा. काहीचं उभं, काहीचं सोंगून वावरात पसरलेलं, काहीनं सुडी, म्हणजे सोंगलेल्या पिकाचा ढीग, लावून ठेवलेली. उभं होतं त्याच्या बुडाशी पाणी साचलं. सोंगलेलं तरंगून धुऱ्यापर्यंत गेलं. सुडी ताडपत्रीखाली झाकलेली होती ती वरून कोरडी दिसे, पण खालून ओल चढलेली. पाऊस उघडल्यावर ताडपत्री काढली तर आतून वाफ निघाली आणि आंबूस वास. शेंग फोडली की आत दाणा नाही, पांढरा कोंब. बोटभर कोंब फुटलेले, शेंगेतून बाहेर डोकावून रायले. ते सोयाबीन मळणीयंत्रात टाकून काय करता? काढायची मजुरी अंगावर पडते. आम्ही बरंच तसंच ढोरांपुढं टाकलं, तेही त्याले तोंड लावेना.

कापसाचीही तीच गत. खालची बोंडं पक्की झाल्ती, ती काळी पडून सडली. वरची पाती गळली. तूर मात्र जिथं निचरा होता तिथं वाचली.

दहागावच्या नाल्याबद्दल सांगतो. एरवी ढोरं पाणी पितात असा नाला आहे. नवीन माणसाले वाटणार नाही की हा एसटी घेऊन जाईल.

ढगवेडा

उत्तम धागा. थोडी हवामानशास्त्राची भर घालतो.

पश्चिमेला सरकणाऱ्या मान्सूनी डिप्रेशनचा सर्वात मोठा पाऊस केंद्रात पडत नाही. तो पडतो केंद्राच्या नैर्ऋत्येला. अरबी समुद्रावरून येणारे ओले पश्चिमी वारे आणि डिप्रेशनभोवती फिरणारी हवा तिथे एकमेकांना मिळतात, हवा वर ढकलली जाते आणि पाऊस कोसळतो. गुलाबचा मार्ग नागपूरच्या दक्षिणेनं गेला. म्हणजे नागपूर त्याच्या उजव्या, उत्तरेच्या बाजूला राहिलं आणि डावीकडच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात सापडले ते नांदेड, लातूर, बीड. तोच मार्ग दीडशे किलोमीटर उत्तरेनं गेला असता तर आज आपण वर्धा, यवतमाळ आणि नागपूरच्या दक्षिण तालुक्यांबद्दल बोलत असतो. अशा प्रणालींच्या मार्गात तेवढा फरक सहज पडतो.

दुसरं, त्या वर्षी मान्सून परतलाच नव्हता. वायव्य भारतातून परतीची सुरुवात झाली ती ६ ऑक्टोबरला, खूपच उशिरा. म्हणजे गुलाब जमिनीवर आलं तेव्हा अरबी समुद्राकडून ओलाव्याचा पुरवठा चालूच होता आणि खालची जमीनही ओलीचिंब होती. कोरड्या जमिनीवर डिप्रेशन लवकर मरतं. इथे त्याला मरायला कारणच नव्हतं.

बर्डीवरून

एक शंका. पुढे शाहीन नावाचं वादळ आलं ते हेच म्हणतात. एकाच वादळाला दोन नावं कशी?

सोनेगावकर

@बर्डीवरून, आयुष्यात मधे खंड पडला म्हणून. पश्चिम विदर्भावर आल्यावर ते डिप्रेशनच्याही खाली उतरलं, नुसतं ठळक कमी दाबाचं क्षेत्र उरलं. तसंच ते गुजरातवरून खंबातच्या आखातात उतरलं. ३० सप्टेंबरला ईशान्य अरबी समुद्रात पुन्हा डिप्रेशन झालं, १ ऑक्टोबरला पुन्हा चक्रीवादळ. नव्यानं उभं राहिलं म्हणून यादीतलं पुढचं नाव.

ही यादी १३ देशांनी मिळून दिलेली आहे, एकूण १६९ नावांची, २०२० साली जाहीर झालेली. गुलाब हे पाकिस्ताननं दिलेलं, त्याच्यापुढचं शाहीन कतारचं. नावं द्यायचं काम दिल्लीच्या हवामान खात्याकडे आहे.

म्हणजे हे बघा, आंध्रच्या किनाऱ्यावर शिरलेली हवेची ती भोवरी अख्खा दख्खन ओलांडून पलीकडच्या समुद्रात गेली आणि तिथे आधीपेक्षा जोरात उठली. आपल्या डोक्यावरून गेलेली ही गोष्ट आहे.

मस्कतचा_मराठी

मूळचा धंतोलीचा, बरीच वर्षं ओमानमध्ये नोकरी. शाहीनच्या वेळी मस्कतलाच होतो, म्हणून लिहितो.

३ ऑक्टोबरला ते ओमानच्या उत्तर किनाऱ्यावर, अल बातिना भागात आलं. सरकारनं दोन दिवस सुट्टी जाहीर केली होती. इकडे ओमानला चक्रीवादळं नवी नाहीत, पण ती येतात दक्षिणेला सलालाकडे किंवा फार तर पूर्व टोकाला. आखाताच्या आतल्या बाजूला वळून थेट बातिनावर यावं हे माझ्याबरोबरच्या जुन्या ओमानी सहकाऱ्यांनीही पाहिलं नव्हतं.

इथे नद्या नाहीत, वाद्या आहेत. वर्षभर कोरडे खडकाळ पाट, त्यात लोक गाड्या लावतात, मुलं क्रिकेट खेळतात. डोंगरावर पाऊस झाला की त्याच वाद्यांतून तपकिरी पाण्याची भिंत येते. मस्कतमध्ये आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी होतं. खरा फटका खाबूरा आणि सुवैकला बसला. पुढच्या आठवड्यात ऑफिसातले आम्ही काही जण तिकडे चिखल काढायला गेलो होतो. घराघरांत ढोपरभर गाळ, तो वाळून तडकलेला. गालिचे इतके जड झाले होते की चौघांना उचलेनात. खजुराच्या बागा आडव्या.

फावडं मारताना मी सोबतच्या मित्राला सांगितलं की हे वादळ माझ्या गावाजवळून आलंय. त्याला पटेना. मोबाइलवर मार्ग काढून दाखवला तेव्हा तो बराच वेळ पाहत राहिला. यवतमाळचं मला त्याच दिवशी भावाकडून कळलं होतं.

मांजराकाठ

लातूरकडून थोडा वेगळा मुद्दा. गुलाबला सगळं श्रेय देऊ नका, म्हणजे दोष म्हणा.

२०२१ चा सप्टेंबर आमच्याकडे पहिल्यापासूनच ओला होता. महिन्याच्या सुरुवातीलाच एक मोठा पाऊस होऊन गेला. धरणं भरत आली होती, विहिरी तोंडापर्यंत, जमीन पाणी घ्यायला तयार नव्हती. त्यावर गुलाबचा पाऊस आला. हाच पाऊस जुलैत आला असता तर निम्मा जमिनीत मुरला असता आणि आम्ही पेढे वाटले असते.

मांजरा धरण केज तालुक्यात धनेगावला आहे. याच धरणात २०१६ च्या उन्हाळ्यात पाणी उरलं नव्हतं, मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. ती पाण्याची गाडी स्टेशनात आली तेव्हा बघायला गर्दी लोटली होती. आणि पाच वर्षांनी त्याच धरणाचं पाणी सोडल्यावर खालच्या गावांतली माणसं पत्र्यावर बसून हेलिकॉप्टरची वाट पाहत होती. माझी मावशी नदीकाठच्या गावात असते. तिनं दुष्काळात दागिना मोडून बोअर घेतला होता. त्या बोअरची मोटर पुरात गेली.

धरणातून पाणी कधी सोडणार हे गावाला किती आधी कळतं, हा माझ्यासाठी वादळाच्या नावापेक्षा मोठा प्रश्न आहे.

सोनेगावकर

@मांजराकाठ, पूर्ण सहमत. आधीच भरलेली जमीन आणि धरणं हा यातला निम्मा भाग आहे. म्हणूनच सप्टेंबरअखेरचं दुबळं डिप्रेशन मला जुलैतल्या दणदणीत डिप्रेशनपेक्षा जास्त भीतीचं वाटतं. पीक हाताशी आलेलं, धरण काठोकाठ, आणि लोक मनानं पावसाळ्यातून बाहेर पडलेले. मावशींना नमस्कार सांगा.

संत्राबाग_काटोल

आमच्या काटोल-नरखेडकडे पाऊस मराठवाड्याएवढा नव्हता, पण ओल हटत नव्हती. आंबिया बहाराचं फळ तेव्हा झाडावर मोठं झालेलं असतं. मुळाशी पाणी राहिलं आणि ऊन पडलं नाही की देठाशी बुरशी येते आणि फळ गळतं. सकाळी बागेत गेलं की झाडाखाली हिरव्या फळांचा सडा. उचलून पाहावं तर वरून चांगलं, देठाजवळ तपकिरी डाग. गळलेलं फळ वेचून बागेबाहेर खड्ड्यात पुरावं लागतं, नाही तर बुरशी पसरते. त्याची मजुरी वेगळी.

विम्याचं सांगतो, कारण इथे कास्तकार मंडळी वाचतात. पंतप्रधान पीक विमा योजनेत तेव्हा कापलेलं पीक पावसानं भिजलं किंवा वावरात पाणी साचलं तर ७२ तासांच्या आत कळवावं लागायचं. आमच्या शेजाऱ्याचं सोयाबीन होतं. त्यानं फोन लावला, लागेना. अ‍ॅप उघडलं, गावात रेंज नाही. लाईट गेलेली, मोबाइल बंद पडत आलेला. विमा कंपनीचं म्हणणं, मुदत उलटली. पूर आलेल्या गावात लाईट आणि रेंज आधी जाते हे मुदत ठरवणाऱ्यांना कळायला नको का? तेव्हापासून आम्ही एक केलं. ज्याचं वावर रस्त्याला लागून आहे आणि ज्याच्याकडे गाडी आहे असा एक पोरगा ठरवला. तो सगळ्यांचे फोटो आणि गट नंबर घेऊन काटोलला जातो आणि तिथून तक्रारी टाकतो.

पैनगंगाकाठ

@संत्राबाग_काटोल, हे चांगलं सांगितलं. सरकारी मदतीचंही लिहून ठेवतो. त्या ऑक्टोबरात राज्य सरकारनं १०,००० कोटींची मदत जाहीर केली. जिरायतीले हेक्टरी १०,०००, बागायतीले १५,०००, फळबागेसारख्या बहुवार्षिक पिकाले २५,०००, आणि मर्यादा दोन हेक्टरची. आमचं जिरायती. बियाणं, खत, फवारणी, सोंगणी धरली तर त्यात खर्चही निघत नाही, पण दिवाळीच्या तोंडावर तेवढा तरी आधार झाला.

अतिवृष्टी ठरते महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर. २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेलं की अतिवृष्टी. आता मापक मंडळाच्या गावात आणि ढग फुटला तिथून आठ-दहा किलोमीटरवर, तर काय करायचं? मापकात साठ दिसते आणि आमचं वावर नदी होऊन जाते. पंचनाम्याले आलेल्या तलाठ्यानं आमचं खरं मानलं, गाळ डोळ्यांनी पाहिला म्हणून. सगळीकडं तसा माणूस भेटत नाही.

भूगोलवाली

नववी-दहावीला भूगोल शिकवते. गुलाबचा मार्ग मी दरवर्षी मुलांकडून कोऱ्या नकाशावर काढून घेते. कलिंगपट्टणमपासून पेन्सिल निघते ती ओमानपर्यंत उचलायचीच नाही. नागपूरच्या मुलांना स्वतःच्या गावाजवळून ती रेष जाताना दिसली की वर्गात एकदम कुजबूज होते. पाठ्यपुस्तकातल्या चक्रीवादळाच्या आकृतीनं हे कधी झालं नव्हतं.

सप्टेंबरात बंगालच्या उपसागरात चक्रीवादळ होणं तसं विरळ. गेल्या काही वर्षांतली उदाहरणं म्हणजे २००५ चं प्यार, २०१८ चं दाये आणि २०२१ चं गुलाब. प्यार आणि गुलाब दोन्ही कलिंगपट्टणमच्या आसपासच किनाऱ्याला लागली. दायेही एका दिवसात संपलं. मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात उपसागरात इतकी वादळं होतात आणि भर पावसाळ्यात नाही, असं का, हे मुलं नेहमी विचारतात. ढगवेडा सांगतील का? मी सांगते त्यापेक्षा सोपं सांगितलं तर वर्गात वापरीन.

ढगवेडा

@भूगोलवाली ताई, प्रयत्न करतो. चक्रीवादळाला समुद्र साधारण साडेसव्वीस अंशांच्या वर तापलेला लागतो. तो पावसाळ्यात असतोच. पण त्याला उभंही राहता आलं पाहिजे, खालपासून वरपर्यंत सरळ. पावसाळ्यात खालून मान्सूनचे वारे पश्चिमेकडून पूर्वेला जोरात वाहतात आणि बारा-पंधरा किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून पश्चिमेला त्याहून जोरात. खालचा भाग एकीकडे ओढला जातो, माथा दुसरीकडे. वादळ उभंच राहू शकत नाही, म्हणून बहुतेक प्रणाली डिप्रेशनवर थांबतात. सप्टेंबर संपताना वरचे वारे सैल पडायला लागतात. त्या फटीत गुलाबसारखं एखादं दीड दिवसाचं वादळ होऊन जातं.

लक्ष्मीनगर_४४००२२

माझ्या घरात २०२३ ला पाणी शिरलं होतं म्हणून विचारते. २३ सप्टेंबरची ती रात्र, अंबाझरी ओसंडला, नाग नदी रस्त्यावर आली, फ्रीज तरंगत होता. तेव्हाही कोणी म्हणालं चक्रीवादळाचा परिणाम. खरं काय?

सोनेगावकर

@लक्ष्मीनगर ताई, नाही, ते चक्रीवादळ नव्हतं. मध्यरात्रीनंतर शहरावरच उंच ढग वाढले आणि काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. अंबाझरी आधीच भरलेला. तिथे गुलाबसारखी दोन दिवस आधी दिसणारी प्रणाली नव्हती, त्यामुळे सावध व्हायला मिळालेला वेळही अगदी थोडा. ज्यांची माणसं आणि घरं त्या रात्री गेली त्यांच्यासाठी कारण कोणतं याला अर्थ नाही हे मान्य. पण तयारीच्या दृष्टीनं हा फरक मोठा आहे. गुलाब येताना दिसत होतं, किनाऱ्यापासून इथपर्यंत यायला त्याला दीड दिवस लागला. तो वेळ आपल्या हातात होता.

धानपट्टा

भंडाऱ्याहून. सोयाबीनवाले बोलले, आता धानाचं. आमच्याकडे भीती ऑक्टोबरअखेरच्या वादळांची. २०२५ ला मोंथा २८ ऑक्टोबरच्या रात्री आंध्रच्या किनाऱ्यावर आलं आणि तेलंगणा, छत्तीसगडवरून आमच्या पूर्व विदर्भाकडे सरकलं. हलका, म्हणजे लवकर येणारा, धान तेव्हा कापून बांधीत (धानाच्या वावरात) कडपा टाकलेला असतो. कडपा म्हणजे कापून वाळायला आडव्या ठेवलेल्या पेंढ्या. त्या पाण्यात बुडाल्या. उभा होता तो भारी, उशिरा येणारा, धान लोळला. पाण्यात लोळलेला धान कापायला मजूर दुप्पट लागतात, विळा चालत नाही, आणि भिजलेला दाणा काळा पडला की खरेदी केंद्रावर ओलावा जास्त म्हणून परत.

तेव्हा आमच्या गावात ज्यांनी दोन दिवस आधी कापणी थांबवली ते वाचले. उभा धान लोळला तरी थोडाफार हाती लागतो, कापलेला भिजला की गेलाच. थांबवली कोणी? ज्यांनी "वादळ आंध्रात आहे" हे ऐकून पुढचा मार्ग पाहिला त्यांनी.

एसटीवाल्याचा_पोरगा

वडील एसटीत चालक होते, आता निवृत्त. उमरखेडच्या गाडीवर तेव्हा लोक फार बोलले, चालकानं घातलीच कशी वगैरे. मला एवढंच सांगायचं आहे की पुलावर पाणी असताना गाडी थांबवायची हा नियम चालकाला माहीत असतो. पण मागे प्रवासी असतात, कोणाला दवाखान्यात जायचं असतं, कोणाला कोर्टाची तारीख. वडील सांगतात, पावसाळ्यात पुलाशी गाडी उभी केली की दहा मिनिटांत आतून आवाज सुरू होतो, "चला ना मास्तर, एवढ्याश्या पाण्याले काय भेता." एकदा तर त्यांना शिव्या पडल्या होत्या. त्यांनी चावी काढून खिशात घातली आणि टपरीवर जाऊन बसले.

तेव्हा बसमध्ये बसलेल्या आपण सगळ्यांनी तेवढं करावं. चालकानं थांबवली तर गप्प बसावं. कोणी घाई करत असेल तर त्याला गप्प करावं. गढूळ पाण्याखाली पूल आहे की वाहून गेला हे कोणालाच दिसत नसतं.

ढगवेडा

@एसटीवाल्याचा_पोरगा, वडिलांना नमस्कार. ही पोस्ट प्रत्येक बसस्थानकावर लावावी अशी आहे.

हवामान बदलाचं कोणी विचारायच्या आधी लिहून ठेवतो. एकट्या गुलाबवर बोट ठेवून "हे तापमानवाढीमुळे" असं मी म्हणणार नाही. पण हवा एक अंशानं तापली की ती साधारण सात टक्के जास्त बाष्प धरू शकते, हे पक्कं भौतिकशास्त्र आहे. तेच डिप्रेशन, त्याच मार्गानं आलं तरी आजोबांच्या काळापेक्षा जास्त पाणी ओतू शकतं. पूल आणि नाल्यांची मोरी मात्र आजोबांच्याच काळातली आहे.

बर्डीवरून

मग सामान्य माणसानं नेमकं काय पाहायचं? सगळ्यांनाच नकाशे वाचता येत नाहीत.

सोनेगावकर

नकाशे वाचायची गरज नाही. नागपूरचं प्रादेशिक हवामान केंद्र विदर्भातल्या प्रत्येक जिल्ह्यासाठी पुढच्या काही दिवसांचे इशारे रोज देतं, पिवळा, नारिंगी, लाल. उपसागरातल्या वादळाचं नाव ऐकलं की त्या दिवशीपासून आपल्या जिल्ह्याचा रंग पाहायला लागायचं. आणि वादळ "ओसरलं" अशी बातमी आल्यावर पाहणं सोडायचं नाही, उलट तेव्हाच नीट पाहायचं. इशाऱ्यात "अति जोरदार" शब्द असला तर २४ तासांत ११५ मिलिमीटरच्या वर, "अत्यंत जोरदार" असला तर २०४ च्या वर, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ. विजांसाठी दामिनी अ‍ॅप आहे, शेतीच्या सल्ल्यासाठी मेघदूत.

आपला जिल्हा पिवळा असला तरी ज्या रस्त्यानं जायचं आहे तो जिल्हा पाहावा. त्या २८ तारखेला नागपुरातून पाहणाऱ्याला नांदेडचा रस्ता कळणार नव्हता.

पैनगंगाकाठ

आमच्या गावात आता सरपंचाच्या पोरीनं हे काम घेतलं आहे. ती पुसदले कॉलेजात आहे. आंध्र-ओडिशाकडं काही तयार झालं की गावाच्या ग्रुपवर रोज सकाळ-संध्याकाळ जिल्ह्याचा इशारा टाकते, सोबत इसापूर धरणात पाणी किती भरलं तेही. मोबाइल नाही त्यांच्यासाठी मंदिराच्या भोंग्यावरून सांगते. मागच्या खेपेले तिनं सांगितलं म्हणून आम्ही सुड्या उंचवट्यावर नेल्या, खाली पऱ्हाट्या (कापसाच्या वाळक्या काड्या) टाकल्या. पाऊस आला तेवढा नाही, पण नेल्याचं कोणाले वाईट वाटलं नाही.

संत्राबाग भाऊ, तुमचा तो फोटो आणि गट नंबर गोळा करणारा पोरगा कोणता कागद भरून घेतो ते मले व्यक्तिगत निरोपात पाठवा. इकडंही सोंगणी आता तोंडावर आली आहे.